चिंगीला पत्र्यावरून उतरवलं तेव्हा

फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो आणि कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरी आलो. वर्षभरात नवी ड्यूटी लागली. माझ्या सेक्शनमधला नायक महादेव चंदगडचा. तो सीमेवर पडला त्याला बरीच वर्षं झाली. त्याची आई आता लेकीकडे राहायला निघाली होती आणि तिथं मांजर चालणार नव्हतं. ती म्हणाली, "चिंगीला तू ने. दुसऱ्या कुणाला देऊ?" नाही म्हणायची माझी काय बिशाद.

पहिले अठरा दिवस चिंगी कॉटखालून बाहेर आली नाही. माझा आवाज परेड ग्राउंडचा. "चिंगी, बाहेर ये" म्हटलं की ती आणखी मागे सरकायची. बायको म्हणाली, "अवो, मांजर हाय ते. रिक्रूट न्हवं."

मग मी पद्धत बदलली. सकाळी सहाला दुधाची वाटी ठेवायची, चार पावलं मागे बसायचं, तोंड बंद. आठवड्याला एक पाऊल पुढे. पाचव्या आठवड्यात तिनं माझ्या हाताला डोकं घासलं. मेडल लावून घेतानाही मी एवढा श्वास रोखला नव्हता.

एका रविवारी पेठेच्या संघानं फुटबॉलची फायनल मारली. संध्याकाळी साडेसहाला आमच्या दारातच फटाक्यांची माळ लागली. चिंगी उधळली ती थेट शेजारच्या दुमजली घराच्या पत्र्यावर, पार कडेला. पाय निसटला असता तर खेळ खलास. महादेवच्या आईला मी काय तोंड दाखवणार होतो?

शेजारी म्हणाला, "हवालदार, काठीनं ढकलू काय?"

"कुणी हलायचं न्हाय. फटाके बंद."

शिडीनं चढलो. पत्र्यावर पालथा होऊन कोपरांवर सरकू लागलो. ती आणखी कडेला गेली. मी थांबलो.

सीमेवर असाच एका सकाळी मी उघड्यावर पालथा पडलो होतो, मांडीत गोळी. वायरलेस सेटवर कमांडर विचारत होते, "पोझिशन सांग. ओव्हर." तेवढ्यात समोरच्या दगडाआडून महादेव बोलला, अगदी हळू. "बा, बा. हळू बा." त्यांच्या घरात कानडीतला हा शब्द रोजचा, बा म्हणजे ये. मी त्या आवाजाच्या दिशेनं सरपटत गेलो.

पत्र्यावर मी तेच म्हणालो. "बा, बा. हळू बा."

चिंगीचे कान वळले. ती एकेक पाऊल टाकत आली आणि माझ्या शर्टात शिरली. खाली सगळी गल्ली ओरडली. उतरल्यावर पोरांनी मलाही गुलालानं माखलं. मी खुशाल माखून घेतलं. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

सात वाजता आईला फोन लावला. सगळं सांगितलं.

"यील की, तिला मी तसंच बोलवत हुते," ती म्हणाली. "म्हाद्याला बी जेवाय तसंच."

इतकी वर्षं मी तिला फक्त एवढंच सांगत आलो होतो की तो लढताना गेला. आज पुढचंही सांगितलं. दगड दोन हातांवर राहिला आणि मला पुढे सरकवेना. महादेव दगडाआडून बाहेर आला, त्यानं मला आडोशाला ढकललं आणि पुढची गोळी त्याला लागली.

"म्हंजे त्येनं बोलावलं, आन् तू आलास," आई म्हणाली.

"आलो, आई."

"मग जिकला की माझा ल्योक."