पानातली जिलबी

आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत सर्वांचे एकमत आहे, की दुसऱ्या मजल्यावरचे ते गृहस्थ जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेऊनही चोरून गोड खातात. हे साफ खोटे आहे. वाटीभर वरणभात ते पाऊण तास चावतात आणि नंतर अर्धा तास, घड्याळाकडे पाहत, पाण्याला शिवत नाहीत. मी समोर बसून पाहिले आहे.

पुरावा म्हणून सारे माझ्या नातीच्या लग्नातली जिलबी पुढे करतात. ती त्यांच्या पानात मी वाढली होती.

"काका, खरंच नको. सोसत नाही हो मला," ते पानावर हात आडवा धरून म्हणाले.

"अहो, माझ्या हातची एक! नाही म्हणालात तर अपमान समजेन," मी चारचौघांत सुनावले.

त्यांनी ती खाल्ली. थोड्याच वेळाने सभागृहामागे, भिंतीला धरून ओकताना दिसले. तोंड पुसून परत आले आणि म्हणाले, "जिलबी छान होती हं, काका."

ती कोणाच्या आग्रहाने खाल्ली, हे कोणी सांगत नाही. मीही आजवर सांगितलेले नाही. हल्ली कोणाकडे कार्य असले, की ते दारातूनच वाढणारे कोण ते पाहतात. मी दिसलो, तर "जेवून आलोय" म्हणतात.