डाव्या डोळ्यातली धूळ

“हे काळं काय अहे?” इंदुबाईंनी स्क्रीनच्या अगदी जवळ बोट नेऊन विचारलं.

मी खुर्ची मागे सारत होते. पुढच्या पेशंटची फाइल हातात होती. स्क्रीनकडे ओझरतं पाहिलं आणि म्हणाले, “धूळ आहे, आजी. कॅमेऱ्यातली.”

“म्हणजे डोळ्यांत कांही नाहीं?”

“काही नाही. कॅमेऱ्याला अंघोळ घालायची झालीय, एवढंच.”

त्या खळखळून हसल्या. मीही हसले. हे हसणं आठवलं की अजून कान गरम होतात.

मी चेन्नईत वेलचेरीच्या एका डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये फोटोग्राफर आहे. लोकांना वाटतं मी पासपोर्टचे फोटो काढते. मी डोळ्याच्या आतले फोटो काढते. डोळ्याच्या मागच्या बाजूला पडदा असतो, त्याला रेटिना म्हणतात. मधुमेह जुना झाला की तिथल्या रक्तवाहिन्या खराब होतात आणि पेशंटला बरेच दिवस पत्ता लागत नाही. म्हणून दरवर्षी बाहुली मोठी करणारे थेंब घालून फोटो काढायचा. त्यासाठी फंडस कॅमेरा नावाचं मशीन असतं. आमचं मशीन जुनं आहे. त्याच्या पुढच्या भागात खास भिंगं आहेत आणि मागे चक्क एक साधा डीएसएलआर कॅमेरा बसवलेला आहे, लग्नात फोटोग्राफरच्या गळ्यात असतो तसलाच.

ह्या कॅमेऱ्याच्या आत सेन्सर असतो. जुन्या कॅमेऱ्यात जिथे फिल्म असायची तिथे आता सेन्सर. त्याच्यावर धुळीचा कण बसला की प्रत्येक फोटोत त्याच जागी करडा, पुसट ठिपका येतो. फुलांच्या फोटोत तो कोणाला दिसतही नाही. आमच्याकडे मात्र ठिपका म्हणजेच आजार असतो, म्हणून धूळ आमची वैरीण. त्यात क्लिनिकसमोर मेट्रोचं खोदकाम चाललंय. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी बोटाने नाव लिहिण्याजोगं होतं.

त्या दिवशी पहिल्याच पेशंटच्या फोटोत वर उजवीकडे ठिपका दिसला. मी कॅमेरा मशीनवरून काढला आणि रबरी ब्लोअरने आत हवा मारली. ब्लोअर म्हणजे रबराचा फुगा, दाबला की नळीतून हवा येते. हवा मारून झाली की पांढऱ्या कागदाचा फोटो काढून बघायचा असतो. पांढऱ्यावर धूळ लपत नाही. कण गेला, राहिला की नुसता सरकला, ते तिथेच कळतं.

मी कागद काढलाच होता, तेवढ्यात आमचे मॅनेजर श्रीनिवासन सर दारात आले.

“नीलिमा, बाहेर पेशंट भांडतायत. काय चाललंय?”

“सर, सेन्सर क्लीन करतेय. टेस्ट शॉट राहिलाय.”

“ते लंचमध्ये कर ना!”

मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि कॅमेरा परत बसवला. सरांना दोष देण्यात अर्थ नाही. टेस्ट शॉटला लागतो तेवढा वेळ मी मागून घेऊ शकले असते. पण कोणी घाई केली की आपल्यालाही बरं वाटतं, कंटाळवाणं काम टळतं.

पुढच्या पेशंटच्या फोटोत ठिपका होताच. असू दे, दुपारी बघू, असं म्हणून मी काम चालू ठेवलं. मग इंदुबाई राव आत आल्या.

माझं तमिळ फार तोकडं आहे; डॉक्टर आणि सरांशी इंग्रजीत भागतं. मी सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. कामापुरते हुकूम तेवढे पाठ आहेत: “इंगे पारुंग”, इकडे बघा, “कण्ण सिमिट्टादींग”, पापणी लववू नका, “मुडिंजिदु”, झालं. पेशंटने तमिळमध्ये काही विचारलं की मी डॉक्टरांच्या खोलीकडे बोट दाखवते. आमच्याकडे नियमच आहे, फोटोत काय दिसतं ते फोटोग्राफरने सांगायचं नाही. हा नियम मी कधी मोडला नव्हता आणि त्याचा मला अभिमान होता. आता कळतं, त्यात माझा गुण काही नव्हता. मला बोलताच येत नव्हतं.

इंदुबाईंनी हनुवटी मशीनवर टेकवली आणि मी फोनवर नवऱ्याला “दूध घेऊन ये” म्हटलेलं त्यांच्या कानावर पडलं.

“तूं मराठी कीं?” त्यांनी मान वर काढली. “अम्ही पण मराठीच. तंजावूरचे. तूं कोठली?”

त्यांचं मराठी जुन्या वळणाचं होतं आणि तमिळच्या चालीवर वर-खाली होत होतं. वाक्याच्या शेवटी “सेरी” यायचं, म्हणजे बरं. मला भारी गोड वाटलं. क्लिनिकमध्ये दिवसभर मुक्यासारखी बसणारी मी, माझी जीभ सैल सुटली. सांगली कुठे, आमच्याकडे आमटीत गूळ किती घालतात, त्यांच्याकडे चिंच किती, सगळं झालं. गप्पा मारतच मी उजव्या डोळ्याचा फोटो काढला, डाव्याचा काढला. आणि मग त्यांनी ते काळं काय आहे म्हणून विचारलं.

डॉक्टरांकडे मोठी रांग होती. इंदुबाई जाताना म्हणाल्या, “मग मी निघूं? शाळेंतून नातवाला आणायचा अहे. डॉक्टर नंतर फोटो पाहतीलच कीं.” मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. “सावकाश जा, ऊन डोळ्यांना लागेल” म्हणाले. थेंब घातलेल्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवून त्या गेल्या.

लंचमध्ये मी सेन्सर नीट साफ केला. हे काम अवघड नाही, पण शिस्तीचं आहे. आधी खोलीतला पंखा बंद, एसी बंद. चेन्नईत ही मोठीच शिक्षा. कपाळाला रुमाल बांधायचा, कारण आत घामाचा थेंब पडला तर धूळ परवडली. बॅटरी पूर्ण चार्ज केलेली हवी. कॅमेऱ्याच्या मेनूत क्लीनिंगचा पर्याय असतो. तो निवडला की आतला आरसा वर जातो, त्यामागचा शटरचा पडदा उघडतो आणि सेन्सर समोर येतो. मध्येच बॅटरी संपली तर आरसा आणि पडदा तुमच्या हातातल्या काडीवरच मिटतात आणि मोडतात. तोंडाने फुंकर कधीच मारायची नाही, थुंकी उडते. स्प्रेच्या डब्यातली हवाही नको, तिच्यातून गार द्रव उडून डाग पडतो. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून ब्लोअरने हवा मारायची, नळी आत घुसवायची नाही. तरीही कण हटला नाही तर सेन्सरच्या मापाचा स्वॅब, म्हणजे सपाट टोकाची मऊ काडी घ्यायची. तिच्यावर क्लीनरचे एक-दोन थेंब टाकून एका बाजूने एकदाच फिरवायची. घासायचं नाही. आपण पुसतो ती खरं तर सेन्सरवरची काच असते, पण ओरखडा पडला तर तीही बदलावीच लागते.

ह्या वेळी मी पांढऱ्या कागदाचा फोटो काढला. स्वच्छ. मी स्वतःवर खूष झाले.

मग सकाळचे फोटो उघडले. ज्यांच्यावर धूळ होती त्यांच्या फाइलमध्ये तसं लिहून ठेवायचं होतं. पहिला पेशंट, वर उजवीकडे करडा ठिपका. दुसरा, तसाच, तिथेच. इंदुबाईंचा उजवा डोळा, तिथेच. डावा डोळा, तिथेच. आणि त्याच्याखाली आणखी एक, मोठा.

मी ज्याला धूळ म्हटलं होतं तो हा खालचा.

मी फोटो मोठा केला. वरचा ठिपका करडा, कडा विरलेल्या. खालचा गडद लाल. उजव्या डोळ्याच्या फोटोत त्या जागी काहीच नव्हतं. त्यांच्यानंतरच्या पेशंटच्या फोटोतही नव्हतं. धूळ डोळा बघून बसत नाही. कॅमेऱ्यात असती तर सगळ्यांच्या फोटोत असती. हे मी नव्या मुलींना शिकवते. शंका आली तर पेशंटला नजर थोडी हलवायला सांगून दुसरा फोटो काढायचा, धूळ जागीच राहते, डोळ्यातलं सरकतं, हेही मीच शिकवते. मी दुसरा फोटो काढला नव्हता. मी आमटीबद्दल बोलत होते.

लॅपटॉप उचलून मी डॉक्टर रेवतींच्या खोलीत गेले. त्यांनी फोटो पाहिला आणि हातातला डबा बाजूला ठेवला.

“हा ब्लीड आहे, रक्तस्राव. पेशंट कुठे?”

“घरी गेल्या.”

“मला न भेटता? का?”

“मी त्यांना सांगितलं, धूळ आहे म्हणून.”

“तू सांगितलंस?” त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. “तुला तमिळ कधीपासून यायला लागलं?”

“मराठीत सांगितलं, मॅडम.”

त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

इंदुबाईंनीच फोन उचलला. माझा आवाज ओळखून त्यांना इतका आनंद झाला! “अय्यो, तूं! मी अत्तां सुनेला तुझंच सांगत होतें. रविवारीं घरीं जेवायला येतेस कीं?”

“आजी, तुम्हाला आजच परत यावं लागेल. ती धूळ नव्हती.”

“तूंच तर म्हटलीस.”

“चुकले मी.”

“मग काय अहे तें?”

“डॉक्टर सांगतील,” मी म्हणाले. सकाळी हेच दोन शब्द म्हणायचे होते.

संध्याकाळी त्या सुनेबरोबर आल्या. सून, सुजाता, बँकेत काम करणारी, रागाने लाल झालेली. डॉक्टरांसमोरच तिने तमिळमध्ये विचारलं, धूळ आहे असं सांगितलं कोणी? एवढं मला समजलं.

इंदुबाईंनी घाईघाईने तिचा हात धरला आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या. डॉक्टर माझ्याकडे वळल्या. “त्या म्हणतायत, त्यांना कोणी काही सांगितलं नाही. त्यांनाच कंटाळा आला म्हणून त्या निघून गेल्या.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्तरी पार केलेली बाई, डोळ्यात रक्त साकळलेलं, आणि खोटं बोलतेय ती मला वाचवायला. का, तर मी मराठी. गप्प राहिले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, आणि खरं सांगते, क्षणभर गप्प राहावंसं वाटलंही.

“नान दान सोन्नेन,” मी म्हणाले. मीच सांगितलं.

सुजाताने माझ्याकडे बघितलं. मग इंग्रजीत, अगदी हळू म्हणाली, “शी केम होम सो हॅपी. आपली एक मुलगी आहे तिथे, आता भीती नाही, असं म्हणत होत्या.”

इंदुबाईंकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी टेबलावरच्या डोळ्याच्या प्लास्टिकच्या मॉडेलकडे बघत उभी राहिले.

डॉक्टरांनी तपासलं. मधुमेहाने डाव्या डोळ्यात नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या होत्या. त्यातली एक फुटली होती. तशाच राहू दिल्या असत्या तर पुढचा रक्तस्राव डोळाभर पसरला असता. दुसऱ्या दिवसापासून लेझर सुरू झालं. डोळा वाचला. वाचला तो फोटो पुन्हा पाहिला म्हणून, आणि पुन्हा पाहिला तो फाइली पूर्ण करायच्या होत्या म्हणून. ह्यात माझी हुशारी शोधू नका.

आता रोज सकाळी पहिला फोटो पांढऱ्या कागदाचा. श्रीनिवासन सर दारात येऊन उभे राहतात, मी काढते. शंका आली की दुसरा फोटो. एवढा धडा मी मशीनपुरता घेतला. जिभेचा धडा वेगळा आहे आणि तो जास्त जड जातो.

लेझर संपल्यावर इंदुबाई तपासणीला आल्या. मी दोन्ही डोळ्यांचे फोटो काढले. रक्त विरघळून गेलं होतं. पडदा स्वच्छ, नवीन काही नाही. सगळं माझ्यासमोर स्क्रीनवर होतं आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“कसं अहे, मुली?”

“डॉक्टर सांगतील, आजी.”

त्यांचा चेहरा पडला. “सेरी,” म्हणाल्या, पिशवी उचलली आणि बाहेर बाकावर रांगेत जाऊन बसल्या. दाराच्या काचेतून मला दिसत होत्या. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून त्या वाईट बातमीची वाट बघत होत्या. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.