कुंकवाखालचा नियम

"लांबून पड पाया. हात लावलास तर बघ," मास्तर म्हणाला. मी मातीत डोकं टेकलं. समोर देव नव्हता, ओसरीच्या भिंतीवरची लाकडी पाटी होती.

सोलापुरातल्या पोरांच्या बंदिघरातली गोष्ट. मी बारा वर्षांची. गिरणीमागं फेकून दिलेलं सूत परकराच्या ओच्यात भरलं, म्हणून शिपायानं धरलं आणि कोर्टानं तिथं धाडलं. फेकलेलं सूतसुद्धा आमच्या हातात आलं की चोरीचं होतं.

पाटीवर सरकारचे नियम रंगवले होते. दर गुरुवारी मास्तर तिला हळदकुंकू फासायचा, झेंडूचा हार घालायचा आणि आम्हा पोरींना रांगेनं वाकवायचा. आम्हाला वाचता येत नव्हतं. तो सांगेल तोच नियम. उलट बोललं तर अंधारखोली, घरच्यांची भेट वर्षातून एकदा. काय डोकं लावलं होतं बेट्यानं! एकदा देव करून ठेवला की वाचतंय कोण?

माझी आई मंद्रूपहून पायी यायची. दर बाजाराला. शिपाई तिला फाटकावरूनच हाकलायचा आणि तिची भाकरी काठीनं बाजूला सारायचा. आत माझा जीव तुटायचा.

वरच्या जातीची चार पोरं ओसरीवर धडा गिरवायची. मी अंगण झाडत त्यांच्या पाट्यांकडं बघायची, कानानं आवाज धरायची आणि केरात बोटानं अक्षर काढून लगेच पुसायची. वर्ष गेलं त्यात. मग एका सकाळी ओसरी झाडताना, कुणी नाही बघून, ओल्या परकरानं पाटीवरचं थोडं कुंकू पुसलं. सातवा नियम निघाला. मुलास दर आठवड्यास आईबापांची भेट द्यावी. त्याच्या खाली, मुलास अंधारात कोंडू नये. मी तीनदा कोंडली गेले होते. अंगाची आग आग झाली.

त्या गुरुवारी आई फाटकावर उभी होती. मी रांगेत वाकले नाही.

"मास्तर, सातवा नियम वाचते की. आईला आत घ्या."

वर नवं कुंकू फासलं होतं, पण नियम पाठ होता; मी मोठ्यानं म्हटला. नियम खरा की खोटा, ते त्यानं विचारलंच नाही.

"तुला अक्षर कुणी शिकवलं?" एवढंच विचारलं. मग हिनं हात लावला, पाटी बाटली म्हणून ओरडला आणि गोमूत्र मागवून ती घासघासून धुतली. शहाण्यानं वर्षानुवर्षांचं कुंकू स्वतःच्या हातानं काढलं. सगळे नियम लखलखीत दिसायला लागले. मग मला अंधारखोलीत ढकललं आणि आईला हाकलून दिलं.

दोन दिवसांनी बाहेर काढलं. डोळे दिपले होते, तरी आधी केरात बसले. शेजारची पोरगी घाबरत म्हणाली, "पुन्ना कोंडतील की गं."

"कोंडू दे. बस हितं. हा 'अ'."

रोज एक अक्षर द्यायचं ठरवलं. एकेका पोरीला. आम्ही सतरा जणी होतो. मास्तरकडं अंधारखोली एकच होती.