चाफेकाकूंचा तांबडा चाफा

बदलीचं सामान गाडीत चढवताना माणसं आधी देव घेतात, नाहीतर पिठाचा डबा. चाफेकाकूंनी आधी झाड चढवलं होतं. बारामतीला कालव्याच्या चाळीपुढे त्यांची बैलगाडी थांबली, तेव्हा काकू गाडीत झाडाच्या बुंध्याला धरून बसल्या होत्या आणि कालवा इन्स्पेक्टर असलेले त्यांचे यजमान मागून धुळीत चालत येत होते. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली, कालव्याच्या कचेरीतल्या कारकुनाची बायको. या बाईच्या शेजारी राहायचं या विचारानं मी आमचं दार अर्धं लोटून घेतलं.

झाड तांबड्या चाफ्याचं. आमच्याकडे चाफा म्हणजे देवळामागचा पांढरा; असा लालभडक आम्ही कुणी पाहिला नव्हता. काकूंच्या कोकणातल्या माहेरच्या अंगणातला तो. आई गेली, भावांनी घर विकलं आणि नव्या मालकानं झाड पाडलं. त्याआधी काकूंनी तोडून आणलेली एक फांदी तेवढी उरली. ती आधी रॉकेलच्या डब्यात वाढली, मग अर्ध्या कापलेल्या डांबराच्या पिंपात. पिंपाला खाली भोकं, आत मातीपेक्षा वाळू आणि विटांचा चुराच जास्त. "एवढंच माझं माहेर," काकू म्हणायच्या, आणि हे सांगतानाही त्यांचा आवाज चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा.

पाण्याच्या बाबतीत त्या महाकंजूष. माळेगावचे एक बागायतदार उसाच्या पाण्याची पाळी विचारायला आले आणि कोरडं पिंप बघून हसले. "पाटाच्या सायबाच्या दारात झाड तान्हेलं ठिवलंय व्हय?" काकूंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "तात्या, तुमच्या उसाला पाणी लागतं. माझ्या चाफ्याला धीर लागतो." तात्या चहा पिता पिता पिंपातली वाळू निरखत राहिले.

फूल तोडायची कुणाची टाप नव्हती. खाली पडेल ते उचलायचं. सकाळी काकू ओटीत फुलं घेऊन चाळभर फिरायच्या, आणि ज्या घरी आदल्या दिवशी भांडण झालं असेल तिथं दोन जास्त द्यायच्या. कुठं भांडण झालं हे त्यांना कसं कळायचं, कुणास ठाऊक.

एका पौषात त्या मुलीच्या बाळंतपणाला गेल्या. जाताना सगळ्यांना बजावून गेल्या, "आता त्याची पानं गळतील. गळू देत. पाणी घालू नका." मीही संक्रांतीला माहेरी गेले. नेमक्या तेव्हाच माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई, निरवांगीहून आल्या. उभं आयुष्य मेंढरांमागं माळावर काढलेली बाई. दाराशी उघडंबोडकं झाड दिसलं आणि त्यांचा जीव कळवळला. त्या रोज सकाळ-संध्याकाळ कळशीभर पाणी ओतत राहिल्या. चाळीतल्या बायकांना वाटलं, काकूंनीच मागाहून कळवलं असेल.

मी माहेराहून आले त्याच दिवशी काकू परतल्या, त्यांनी बुंध्याला बोट लावलं आणि बोट आत गेलं. बुंधा कुजला होता.

आत्याबाई पुढं आल्या. "म्या घातलं पानी. आमच्या माळावर घोटभर पान्यासाठी जित्राबं मरत्यात. हितं पाट वाहतोय अन् झाड वाळतंय, ते बघवंना."

आता आभाळ कोसळणार, असं आम्हाला वाटलं. पण काकूंनी विळा आणला आणि स्वतःच्या हातानं झाड तोडायला घेतलं. कापलं की आत तपकिरी. आणखी वर कापलं, तिथंही तपकिरी. अगदी शेंड्याकडच्या फांद्यांना पांढरा चीक आला, तेव्हा कुठं त्या खाली बसल्या. इतकं धैर्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. चीक सुकेपर्यंत फांद्या सावलीत ठेवल्या, डबे भरले आणि त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "तुम्ही लावा. आणि राखायच्याही तुम्हीच."

आत्याबाई डब्यांपुढं हात मांडीवर दाबून बसून राहायच्या. पाणी न घालणं त्यांना उपासापेक्षा जड जात होतं. फांद्या एकेक करून सुरकुतल्या. एकीला मात्र कोंब आला, आणि त्याच आठवड्यात काकूंच्या यजमानांचा इंदापूरला बदलीचा हुकूम आला.

"घिऊन जा," आत्याबाई म्हणाल्या. "म्या नीट बांधून देते."

"नको. मुळं कोवळी आहेत, गाडीच्या हिसक्यानं तुटतील. जगलं तर इथंच जगेल." काकूंनी कोंबाला हातही लावला नाही. गेल्या त्या गेल्याच. मी रडले, आत्याबाई रडल्या नाहीत. त्या डब्यापाशी जाऊन बसल्या.

त्यानंतर त्या निरवांगीला राहायला अशा गेल्याच नाहीत. पुढं झाडाला फूल आलं, फांदीला फांदी फुटली. मग आत्याबाईंनी स्वतः एक फांदी कापली, सावलीत सुकवली, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळली आणि मला घेऊन एसटीनं इंदापूर गाठलं.

काकू दारातच होत्या, खूप वाळलेल्या. आत्याबाईंनी धडपं सोडून फांदी त्यांच्या हातात दिली. काकूंनी ती छातीशी धरली आणि भर चाळीत, कचेरीच्या माणसांदेखत, वाकून आत्याबाईंच्या पायाला हात लावला.

आत्याबाई दचकून मागं सरल्या. "अवो, काय करताय? म्या तुमचं झाड मारलं हुतं."

काकूंचा आवाज पहिल्यांदाच मला जेमतेम ऐकू आला. "माहेराहून कुणीतरी आलंय माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "पाया नको पडू?"