तोंड मैदानाकडे

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या मराठी मंडळात दत्ता सबनीसला सगळे मागून ‘हवालदार’ म्हणतात. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नाही, कारण माणूस भला आहे. घर बदलायचं असो, विमानतळावरून कुणाला आणायचं असो, दत्ता गाडी घेऊन हजर. पण दर उन्हाळ्यात पुण्याहून नवी जोडपी येतात, त्यांचे आईवडील तीन महिन्यांसाठी येतात, आणि कुणाच्या तरी डोक्यात येतं की चला, रविवारी ते जुनं बेसबॉलचं मैदान बघू. मग दत्ताचा फोन येतो, आणि तो काही दोन मिनिटांत संपत नाही.

मैदान खरंच बघण्यासारखं. अमेरिकन सैनिकांनी दुसरं महायुद्ध संपल्यावर आपल्या बराकीमागे बांधलेलं. ते गेले, बराकीत विद्यार्थी राहायला आले, पण लाकडी पायऱ्या, हिरवा रंग उडालेला कठडा आणि हाताने आकडे बदलायचा धावफलक तसाच राहिला. आता गावातला फेराइन, म्हणजे क्लब, तिथे खेळतो. तिकीट नाही, गर्दी नाही. घरच्यांना न्यायला याहून बरी जागा कुठली?

“जाळीच्या मागेच बसा,” दत्ता फोनवर सुरू करतो. “तिथे जागा हवी तर अर्धा तास आधी पोचा. पायऱ्यांना फटी आहेत, पोरांना पळू देऊ नका. संडास एकच, तोही पलीकडच्या टोकाला, म्हणून आजी-आजोबांना आधीच नेऊन आणा. टपरीवर शाकाहारी म्हणाल तर तळलेला बटाटा, तेव्हा डबा न्या. आणि डबा उघडला की गोल करून बसायचं नाही. एका रांगेत बसायचं. सगळ्यांनी. तोंड मैदानाकडे.”

“दत्ताभाऊ, म्हणजे पंगत मांडायची म्हणता?” हरीश एकदा हसत म्हणाला. हरीश मंडळातला सगळ्यात नवा, सॉफ्टवेअरवाला, जिभेला हाड नसलेला.

“हो, पंगत. पण एकाच बाजूची,” दत्ता म्हणाला, आणि त्याच्या आवाजात हसू नव्हतं.

हरीशला तरी काय दोष द्यायचा? त्याला दोन हजार चारचा जून माहीत नाही.

त्या वर्षी दत्ताची मुलगी अन्वी बारा वर्षांची होती. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या भावाबरोबर ती मैदानावर गेली काय, बॅट हातात घेतली काय, आणि फेराइनच्या मुलांच्या संघात एकुलती एक मुलगी म्हणून शिरली काय, सगळं महिनाभरात झालं. दत्ताला आभाळ ठेंगणं झालं. हा माणूस गिअरबॉक्सच्या टेस्टिंगमध्ये दिवसभर खरखर ऐकणारा, आयुष्यात कधी शाळेच्या संघातही न निवडला गेलेला! फेराइनची लाल टोपी त्याने विकत घेतली, आणि ती घालून तो भाजी आणायलासुद्धा जायला लागला. “अहो, घरात तरी काढा ती,” असं त्याची बायको विभावरी रोज म्हणायची.

मे महिन्यात दत्ताची आई आली. शुभदाताई, वय एकाहत्तर, कोथरूडला एकट्या राहणाऱ्या, हसऱ्या आणि हट्टी. एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढलेला, त्यामुळे ऊन सोसत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलली होती, म्हणून रोज संध्याकाळी आठला रक्त पातळ करायची गोळी. ती गोळी आणि पाण्याचा पेला आईच्या हातात द्यायचं काम दत्ताने स्वतःकडे घेतलं होतं. नातीची मॅच बघायला त्या इतक्या उतावीळ की आदल्या दिवसापासून तिखटमिठाच्या पुऱ्यांचं चाललेलं.

रविवारी जाळीमागची बाकं भरलेली होती. निघायला उशीर झाला, कारण पुऱ्या. मग कडेच्या गवताच्या उतारावर विभावरीने चादर अंथरली. फाटकावर पाटी होती, चेंडूकडे लक्ष ठेवा म्हणून. दत्ताने ती वाचली होती. आईला मोठ्याने वाचूनही दाखवली होती, वर “हे जर्मन लोक ना, पाटीशिवाय श्वास घेणार नाहीत” असंही म्हणाला होता. आपली माणसं चादर अंथरली की डबे मध्ये ठेवून गोल बसतात, तशी ती बसली. शुभदाताई आधी मैदानाकडे तोंड करून बसल्या होत्या.

“दत्ता, डोळ्यांत फार ऊन येतंय रे.”

“मग अशी इकडे फिर ना. उन्हाकडे पाठ कर. अन्वीची पाळी आली की सांगतो तुला.” आणि त्याने दोन्ही हातांनी आईचे खांदे धरून तिला फिरवून बसवलं.

अन्वीची पाळी आली. दत्ताने सांगितलं, अगदी ओरडून सांगितलं. “हो हो, एवढं लोणचं वाढते आणि वळते,” शुभदाताई म्हणाल्या. बरणीचं झाकण घट्ट बसलेलं. बॅटचा आवाज आला, चेंडू तिरपा उडाला, बाकांवरून कुणीतरी ओरडलं, आणि दत्ता हात पुढे करेपर्यंत तो शुभदाताईंच्या उजव्या कानामागे लागला होता. बरणी चादरीवर कलंडली.

तिकडे अन्वी बॅट टाकून उभी. शुभदाताईंनी कानामागे हात दाबला, डोळे मिटले, आणि मग हसल्या. गवतातला चेंडू उचलून त्यांनी नातीला उंच करून दाखवला. “अगं, आजीला द्यायचा तर हातात आणून दे की!” लोक हसले. टाळ्यासुद्धा झाल्या. अन्वीही हसली आणि पुन्हा खेळायला उभी राहिली.

फेराइनचा एक माणूस बर्फ घेऊन धावत आला. क्रांकेनहाउसला, म्हणजे दवाखान्यात, नेऊ का, माझी गाडी इथेच आहे, असं त्याने दोनदा विचारलं. दत्ताने आईकडे पाहिलं. “जायचं का गं?”

“छे रे! पोरीची मॅच टाकून? टेंगूळ आहे, उतरेल. आणि तिला मुळीच सांगू नकोस डोक्याला लागलं म्हणून. खांद्याला लागलं म्हण.”

आणि दत्ता खाली बसला. गोळी त्याला आठवली का? आठवली. पण आई हसत होती, पुऱ्या खात होती, अन्वीने पुढचा चेंडू लांब मारला होता. संध्याकाळी आठ वाजता, रोजच्यासारखी, त्याने ती गोळी आणि पाण्याचा पेला आईच्या हातात दिला.

सोमवारी सकाळी शुभदाताई चहाला उठल्या नाहीत. मंगळवारी दुपारी त्या गेल्या. डोक्यात रक्तस्राव, डॉक्टर इंग्रजीत म्हणाली, रविवारीच आणलं असतं तर कदाचित.

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये नवरा-बायकोने ठरवलं. अन्वीला सांगायचं, हार्ट. हार्टचं दुखणं आधीपासून होतंच, खोटं वाटणार नाही. बारा वर्षांच्या पोरीने हे ओझं जन्मभर का वाहायचं? विभावरी भिंतीला टेकून रडत होती. “अहो, तिला कधीच कळता कामा नये,” ती म्हणाली. “कधीच.” त्या दिवसापासून दत्ताच्या आयुष्यात जपायची हीच एक गोष्ट उरली.

तीन-चार आठवड्यांनी अन्वीने विचारलं, मी खेळू का अजून? विचारलं जर्मनमध्येच. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तरं जर्मनमधून येतात. सोड बाई तो खेळ, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागेल. “म्हणजे काय, खेळायचंच!” तो म्हणाला. “आजीला किती आवडायचं.” अन्वीने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग “हो, ओके” म्हणून ती आपल्या खोलीत गेली.

झालं. मग चार उन्हाळे दत्ता दर रविवारी त्या मैदानावर. विभावरी पुन्हा कधी गेली नाही, गुडघे दुखतात म्हणायची. दत्ता जाळीमागे बसायचा. बॅटचा आवाज आला की मळमळायचं, आणि तरी तो टाळ्या वाजवायचा, अन्वीचं नाव घेऊन ओरडायचा. लाल टोपी कपाटात गेली ती गेलीच. त्या खेळाचा इतका तिटकारा त्या गावात दुसऱ्या कुणाला नसेल. आणि लोक म्हणायचे, बापाचं काय कौतुक आहे बघा पोरीचं!

दोन हजार आठमध्ये मैदानाला साठ वर्षं झाली. फेराइनच्या अध्यक्षांनी दत्ताला गाठलं. तुम्ही सगळ्यांना सूचना देत असताच, म्हणाले, त्या लिहूनच द्या, कुटुंबांसाठी नवी पाटी करू. दत्ताने शनिवारी दुपारी बसून कागदावर आठ ओळी लिहिल्या, मराठीत. जर्मन करायला कागद अन्वीकडे दिला. त्यात नवल काही नव्हतं. दत्ताचं ऑफिस इंग्रजीत चालायचं, त्याचं जर्मन बेकरीपुरतं. घरात येणारं प्रत्येक पत्र, शाळेचं, घरमालकाचं, टॅक्सचं, नऊ वर्षांची असल्यापासून अन्वीच उघडायची आणि काय आहे ते सांगायची. लेटरबॉक्सची किल्लीसुद्धा तिच्याच जुडग्यात.

अर्ध्या तासात तिने कागद आणून दिला. दत्ताने चष्मा लावला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचायला लागला. जाळी, फटी, संडास, बटाटा. आठवी ओळ संपली आणि खाली नववी होती.

चेंडू डोक्याला लागला तर लगेच क्रांकेनहाउसला न्या. ती हसत असली तरी.

“हे मी नव्हतं लिहिलं,” दत्ता म्हणाला.

“मला माहितीये.” अन्वी मराठीत बोलली. सोळा वर्षांची पोर, शब्द शोधून शोधून. “इन्शुरन्सचं पत्र आलं होतं. डोक्याला मार कसा लागला ते लिहा, असं. मी उघडलं. मीच उघडते ना सगळी. मग वाचून परत गोंदाने चिकटवलं आणि तुझ्या टेबलावर ठेवलं. तू ते ऑफिसात नेऊन कुणाकडून तरी वाचून घेतलंस.”

“कधी?”

“मी विचारलं ना तुला, खेळू का म्हणून? त्याच्या आदल्या दिवशी.”

दत्ताने चष्मा काढला. “अगं, मग खेळत का राहिलीस तू? चार वर्षं?”

“तू म्हणालास, खेळायचंच. मी सोडलं असतं तर तुला कळलं असतं की मला कळलंय. आणि तू किती ओरडायचास बाबा, टाळ्या काय वाजवायचास. मला वाटायचं, याला एवढं एकच राहिलंय. मला उलटी यायची प्रत्येक मॅचच्या आधी.”

“अन्वी, तिला तिथे मी बसवलं होतं. उन्हाकडे पाठ कर म्हणून मी फिरवलं तिला. या हातांनी.”

“चेंडू माझा होता.”

“आणि गोळी मी दिली! संध्याकाळी! मला माहीत होतं ती गोळी कसली आहे ते, आणि मी दिली!” दत्ता ओरडत होता. अन्वीही आता जर्मनमध्ये ओरडत होती, त्याला अर्धंही कळत नव्हतं. विभावरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हाताला कणीक तशीच. मग ती दोघांच्या मध्ये येऊन खाली जमिनीवर बसली, आणि ते दोघंही तिच्याजवळ बसले. कुणाचं ओझं काही कमी झालं नाही. लपवायचं संपलं, इतकंच.

पुढच्या रविवारी साठ वर्षांचा समारंभ होता. पाटी नऊ ओळींसकट फाटकावर लागली. अन्वीने संघाचा ड्रेस घातला नाही, अध्यक्षांना सांगून टाकलं की आता बस. ती साध्या कपड्यांत, उन्हासाठी फक्त लाल टोपी घालून, दत्ताशेजारी जाळीमागे बसली. दोघं पहिल्यांदाच टाळ्या न वाजवता मॅच बघत होते.

इतक्यात कडेच्या उतारावर हरीशचं बिऱ्हाड आलं. बायको, पोरगं आणि गेल्या आठवड्यातच आलेली आई. फाटकावरची पाटी? हरीश कसला वाचतोय. त्याने चादर अंथरली, डबे मध्ये मांडले, सगळी गोल बसली, आणि त्या बाई बसल्या नेमक्या मैदानाकडे पाठ करून. दत्ता उठला. पण पाय पुढे टाकवेना. गेली चार वर्षं फोनवर ओरडणारा हा माणूस तिथे कठडा धरून नुसता उभा राहिला.

अन्वी त्याच्या शेजारून खाली उतरली आणि धावत चादरीपाशी गेली. “आजी, इकडे तोंड करा. प्लीज. मैदानाकडे.”

“अगं बाळ, डोळ्यांवर ऊन येतं ना,” बाई म्हणाल्या.

अन्वीने स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली आणि त्यांच्या डोक्यावर घातली. पुढचा कडा जरा खाली ओढून दिला. बाई हसल्या, आणि फिरून मैदानाकडे तोंड करून बसल्या.

दत्ताने वरून पाहिलं. चार वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी दुपारभर त्याच्याही डोक्यावर लाल टोपी होती.