आकडा बसेना

माझ्या मामांना घाई करताना कोणी पाहिलेलं नाही. घराला आग लागली तरी ते आधी चपला नीट पायात घालतील, दाराला कडी लावावी की नाही यावर विचार करतील आणि मग बाहेर पडतील, असं मामी म्हणते. हे म्हणताना तिची कात्री चालूच असते. मामी घरी कपडे शिवते. ती बोलता बोलता बाही बेतते, कापते आणि यंत्राखाली सरकवते. तेवढ्या वेळात मामांची वर्तमानपत्राची घडी घालून होते. हे लग्न टिकलं कसं, हा आमच्याकडचा जुना प्रश्न आहे. माझ्या आईचं उत्तर ठरलेलं आहे. मामी भांडण सुरू करून संपवते, तोवर मामांना पत्ताच लागलेला नसतो, म्हणून टिकलं.

शिकायला म्हणून मी त्यांच्याकडे राहत होते, तेव्हाची ही गोष्ट.

मामा एका तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होते. एखादा पदार्थ पाण्यात किती विरघळतो, हे सांगायचं काम त्यांचं. नवं रसायन बाजारात आणायचं तर त्याच्याविषयी बरीच माहिती द्यावी लागते, तिच्यात हा एक आकडा असतो. काढायची रीत तशी साधी. बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात पूड जरा जास्तच टाकायची, म्हणजे तळाशी थोडी उरली पाहिजे. मग बाटली हलवत्या यंत्रावर ठेवून द्यायची. रोज थोडं पाणी काढून गाळायचं आणि त्यात किती पूड उतरली ते मोजायचं. कालचा आणि आजचा आकडा सारखा आला की समजायचं, पाण्याचं पोट भरलं. मामा त्याला ‘आकडा बसला’ म्हणत, आणि ज्या दिवशी आकडा बसे त्या दिवशी घरी येताना त्यांची चाल आणखीनच संथ होई.

या कामात थांबणं हेच कौशल्य होतं आणि मामांइतकं थांबायला त्या इमारतीत कोणालाच जमत नव्हतं. त्यांचं टेबल खिडकीजवळ होतं. गाळलेलं पाणी लहान बाटलीत घेतलं की ते ती बाटली खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहत बसत. एखादा न विरघळलेला कण गाळणीतून निसटला असेल, तर तोही विरघळलेल्यात मोजला जातो आणि आकडा खोटा पडतो. कण नसे. तरी ते पाहत राहत. प्रयोगशाळेत त्यांना सगळे ‘निवांत’ म्हणत. मामांना ते कौतुक वाटे.

मग ती पांढरी पूड आली.

रंग बनवणाऱ्या कुठल्याशा कारखान्याने ती पाठवली होती. दिसायला गरीब, वास नाही, काही नाही. मामांनी नेहमीप्रमाणे बाटली लावली. पहिल्या दिवशी आकडा आला, दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा, तिसऱ्या दिवशी त्याहूनही मोठा. मामा खूश होते. जेवताना म्हणाले, सावकाश विरघळणारी जात दिसते, हिला वेळ द्यायला हवा. मामी म्हणाली, सापडली एकदाची तुमच्या गोत्रातली. आठवडा सरत आला तशी तळाची पूड दिसेनाशी झाली. मामांनी आणखी टाकली. तीही गेली. आकडा चढतच राहिला. असं भुकेलेलं पाणी त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

त्यांच्या शेजारच्या खोलीत एक मुलगी काम करायची. तिला येऊन दोन वर्षं झाली होती, तरी सगळे तिला ‘नवी’च म्हणत. मामांचं यंत्र पाण्यातून प्रकाश सोडून तो किती अडतो, त्यावरून मोजणारं. नवीकडे मोठं यंत्र होतं, पाण्यात काय काय आहे ते वेगळं काढून दाखवणारं. तिने सहज म्हणून मामांच्या बाटलीतला थेंब आपल्या यंत्रात घातला आणि धावत आली. ती सगळीकडे धावतच जायची. म्हणाली, काका, यात तुमची पूड जवळजवळ नाहीच. नुसते तुकडे आहेत तिचे.

पूड पाण्यात उतरत होती आणि उतरल्या उतरल्या मोडत होती. जेवढी मोडे तेवढी जागा रिकामी होई, मग तळाची आणखी थोडी उतरे, तीही मोडे. अख्खी काय आणि मोडकी काय, प्रकाश सारखाच अडवत असल्यामुळे मामांच्या यंत्राला फरक कळत नव्हता. असा आकडा कधीच बसणार नव्हता. तो महिनाभर चढत राहिला असता आणि मामा महिनाभर त्याची वाट पाहत बसले असते.

त्या दिवशी त्यांनी हे सगळं घरी सांगितलं, काही न लपवता.

“म्हणजे आठवडाभर तुम्ही भंगार मोजलंत,” मामी म्हणाली.

मामांनी तोंडातला घास पूर्ण चावला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “हो.”

मामीने न विचारता त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली. तसं क्वचितच होई.

खरी काळजी पुढे होती. विभागाच्या प्रमुख बाई तशा चांगल्या, पण त्यांच्यामागे कामांची रांग लागलेली. त्यांनी मामांना बोलावून घेतलं, खुर्ची दिली, आणि अगदी गोडीत सांगितलं की खाली नमुने घ्यायच्या खिडकीवर अनुभवी माणूस हवा आहे. तिथे घाईचं काम नाही, तुम्हाला मानवेल. ही पूड या आठवड्यात तुमच्याकडून झाली तर ठीक, नाही तर नवीकडे देते, आणि टेबलही तिलाच लागेल. रागावून सांगितलं असतं तर मामांना निदान वाईट तरी वाटून घेता आलं असतं. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती आणि ती त्यांना त्या खिडकीजवळच्या टेबलाशी काढायची होती. खालच्या खिडकीत बसून लोकांना पावत्या फाडून द्यायच्या नव्हत्या. आयुष्यात त्यांनी मागितलेल्या गोष्टी मोजक्याच, त्यांतली ही एक.

आणि त्यासाठी त्यांना नेमकं तेच करायचं होतं, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

अशा न टिकणाऱ्या पुडीला मोजायची रीत वेगळी. पूड आधी अगदी बारीक करायची, म्हणजे ती पटकन उतरेल. ढवळायचं थोडाच वेळ. मग पिचकारीत पाणी ओढून, तिच्या तोंडाला बसवलेल्या चकतीसारख्या गाळणीतून दाबून काढायचं, आणि गाळलं की लगेच अशा एका द्रवात सोडायचं की ज्यात पुढचं मोडणं थांबतं, आणि नवीच्या मोठ्या यंत्रावर अख्खी पूड तेवढी मोजायची. वेगवेगळ्या बाटल्या कमीजास्त वेळ ढवळून सगळ्यांचा आकडा सारखा आला, तर तो खरा. सगळा जीव गाळणं आणि सोडणं यांच्या मधल्या क्षणात. तिथे रेंगाळलात की पूड गेली.

मामांनी पहिल्या दिवशी तीन बाटल्या केल्या आणि तीन आकडे आले. एकमेकांचं तोंड न पाहणारे.

“तुम्ही मधे काय करता?” मामीने विचारलं.

“काही नाही. बघतो.”

“काय बघता?”

“कण आहे का ते.”

मामीने शिवण बाजूला सारली. औषधाच्या डब्यातली जुनी पिचकारी, साखरेचं पाणी आणि दोन रिकाम्या बाटल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडल्या आणि म्हणाली, करा माझ्यासमोर. मामांनी पाणी ओढलं, पिचकारीतला बुडबुडा वर यायची वाट पाहिली, तिला टिचकी मारली, बाटलीत सोडलं, आणि त्यांचा हात आपोआप दिव्याकडे वर गेला. मामी म्हणाली, पुन्हा. पुन्हा तेच. सहाव्या-सातव्या वेळी तिने स्टूल घेतलं, वर चढली आणि दिवा काढून पदरात गुंडाळला. आम्ही तिघं अंधुक स्वयंपाकघरात उभे. मामांनी पाणी ओढलं, सोडलं, आणि बाटली घेऊन शांतपणे बाहेरच्या खोलीतल्या दिव्याकडे चालू लागले.

मामी स्टुलावरच बसली. हसावं की कपाळावर हात मारावा हे तिचं ठरेना.

“अहो, ती बाटली पळून जाणार आहे का?”

“बाटली नाही गं,” मामा दारातून म्हणाले. “आतलं जातंय. मला कळतंय. हाताला कळत नाही.”

ते जरा हळू बोलले. मग मामीने दिवा पुन्हा बसवला आणि पिचकारी धुऊन औषधाच्या डब्यात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला नंतर नवीने सांगितलं. ती एकदा आमच्याकडे ब्लाउजचं माप द्यायला आली होती.

मामांनी सकाळी दोन बाटल्या केल्या आणि दोन्ही वाया घालवल्या. ती दारात उभी राहून पाहत होती, पण आत यायची सोय नव्हती. मामांच्या टेबलाला कोणी हात लावत नसे. एकदा बाईंनी तिथे आपला चष्मा ठेवला, तर मामांनी तो कागदात गुंडाळून त्यांना नेऊन दिला होता. तिसरी बाटली ढवळायला लावून मामा खुर्चीत बसले. खिडकीकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं. मग दाराकडे न बघताच म्हणाले, “अगं, आत ये. इथे उभी राहा.”

ती आत गेली. त्यांनी स्वतःच्या हातांनी पेले, चिमटे, कागद उजवीकडे सरकवले आणि डावीकडे तिला जागा केली. तिच्या हातात तो मोडणं थांबवणाऱ्या द्रवाची बाटली दिली.

“मी गाळतो. पहिले थेंब तुझ्या बाटलीत. तू झाकण लावायचं आणि निघायचं, माझ्याकडे बघायचं नाही. पिचकारीत उरेल ते मी या दुसऱ्या बाटलीत घेतो.”

“त्याचं काय करायचं?”

“ते मी बघत बसतो,” मामा म्हणाले.

नवीला आधी ही थट्टा वाटली. पण त्यात काहीच खोट नव्हती. एकाच गाळणीतून एकामागोमाग आलेलं पाणी. उरलेल्यात कण नसेल तर पहिल्या थेंबांतही नसणार. तिच्या वाट्याचं पाणी घाईने जपलं जात होतं आणि मामांच्या वाट्याचं खुशाल मोडू दे, ते फक्त पाहण्यासाठी होतं. मामांनी पिचकारी दाबली. थेंब तिच्या बाटलीत पडले, झाकण बसलं, ती आपल्या यंत्राकडे धावली. मामांनी उरलेलं दुसऱ्या बाटलीत घेतलं, खिडकीशी गेले आणि पोटभर पाहिलं.

दिवसभर त्यांनी तेच केलं. कमी ढवळलेली, जास्त ढवळलेली, अशा बाटल्या एकापाठोपाठ. आकडे एकमेकांच्या जवळ येत गेले. एकच भलताच वर गेला. नवी म्हणाली, काका, ही बाटली जरा जास्त ढवळली गेली असेल, सरासरीत धरून टाकू. मामांनी तिला खिडकीशी बोलावलं. त्या बाटलीचं उरलेलं पाणी उजेडात धरलं तर आत एक पांढरा ठिपका तरंगत होता, नखाच्या टोकावरही दिसला नसता एवढा. गाळणीची चकती फाटली होती. तो आकडा त्यांनी कारणासकट खोडला. उरलेले सगळे बसले.

नवी म्हणाली की आकडे एका रेषेत आले तेव्हा तिला ओरडावंसं वाटलं होतं. मामा खुर्चीत बसून होते आणि बराच वेळ टेबलावरचे पेले पुन्हा डावीकडे सरकवत नव्हते.

बाईंकडे अहवाल घेऊन मामा एकटेच गेले. हे त्यांनीच घरी सांगितलं, एकेक वाक्य तोलून. बाईंनी आकडे वाचले, खोडलेला आकडा आणि त्याचं कारण वाचलं. वेळेत झालं म्हणाल्या. मग विचारलं, “सगळं तुम्हीच केलंत?”

मामी शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ‘हो’ म्हणून मोकळे व्हा, असं तिला झालेल्या गोष्टीत मागे जाऊन सांगावंसं वाटत होतं. एका शब्दात टेबल वाचलं असतं.

“मग? काय म्हणालात?”

“म्हटलं, नाही. गाळलं मी, पकडलं तिने. माझ्या एकट्याच्या हातून झालं नसतं.”

मामीने डोळे मिटले.

बाईंनी म्हणे खोडलेल्या आकड्याचं कारण पुन्हा एकदा वाचलं. या कारखान्याचे असेच न टिकणारे आणखी चार नमुने यायचे आहेत, एवढं म्हणाल्या. मग अहवालावर सही केली आणि खालच्या खिडकीसाठी आपण दुसरं कोणी बघू, म्हणाल्या. मामा उठून दारापर्यंत गेले, तेव्हा त्यांनी मागून सांगितलं की टेबल मात्र आता दोघांचं. नवी उद्यापासून तिथेच बसेल.

“म्हणजे राहिलं की तुमचं टेबल,” मामी म्हणाली. डोळे पुसायची वेळ येऊ नये म्हणून तिने लगेच यंत्र सुरू केलं.

“निम्मं राहिलं.”

“बरं, निम्मं. तिला किती जागा दिलीत?”

मामांनी दोन्ही तळवे समोरासमोर धरून दाखवले. मामीने नजरेनेच माप घेतलं.

“एवढ्यात लहान मुलाची बाहीसुद्धा बसायची नाही. वाढवा.”

मामांनी तळव्यांमधलं अंतर थोडं वाढवलं. मामी तशीच पाहत राहिली. त्यांनी आणखी थोडं वाढवलं, थांबले, विचार केला, आणि पुन्हा किंचित वाढवलं. मामीला हातातले कपडे दुसऱ्या दिवशी शिवून द्यायचे होते, पण त्या दिवशी तिने त्यांना घाई केली नाही.