डावीकडचा उलटा बाण

हे नीट लिहिता येईल की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच आहे आणि सगळे मला हुशार समजतात.

आमची शाळा आंध्रातली, जैनथच्या बाजूची, पण मराठी माध्यमाची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दहावीनंतर आदिलाबादच्या मुलींच्या वसतिगृहासाठी शाळेला एकच नाव पाठवायचं होतं. शहरात खोली घेऊन राहणं कुणाच्याच ऐपतीत नव्हतं. जिचं नाव जाईल ती शिकणार, दुसरी घरी राहणार. नावं दोनच होती, माझं आणि माझ्या मैत्रिणीचं. तिचे मार्क माझ्याहून जास्त होते. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर मी ते टाळीन.

मार्कांवर ठरवलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण माझ्या बाबांचं किराणा दुकान होतं आणि ते शाळेच्या कमिटीत होते. तिचे वडील कधी शाळेच्या फाटकाच्या आत आले नव्हते. गणिताच्या सरांकडे मार्गदर्शनाचं काम होतं. कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये त्यांनी ऐकलं होतं की इंटरनेटवर एक पान आहे, ते मुलांना प्रश्न विचारतं आणि कुणी पुढे काय करावं ते सांगतं.

"माणसानं ठरवलं की लोकं बोट दाखवतात," सर म्हणाले. "मशिनले कोण बोट दाखवते?"

एका रविवारी ते आम्हा दोघींना बसने शहरात घेऊन गेले. झेरॉक्सच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एकच कॉम्प्युटर होता. माउसला हात लावायची सरांना भीती वाटत होती, म्हणून तो माझ्या हातात दिला. सर इंग्रजी प्रश्न वाचून मराठीत सांगायचे, उत्तर आलं की मी दाबायची. दर चार प्रश्नांनी दुकानदार तेलुगूत ओरडायचा, "लाइन पोयिंदि!" मग गेलेली लाइन परत येईपर्यंत आम्ही भिंतीकडे बघत बसायचो.

आधी तिची पाळी.

"हातानं करायची कामं आवडतात का?"

ती हसली. "येतात न, सर. कापूस वेचण्यात माह्या बरोबरीचं कोणी नाही."

"म्हंजे खूप आवडतात. दाब, बाई."

मी दाबलं.

"मोकळ्या वेळात पुस्तकं वाचायला आवडतं का?"

"घरी पुस्तकंच नाहीत, सर."

"हो का नाही, एकच सांग. मशिन खोटं पकडते."

"मंग नाही."

माझी सगळी पुस्तकं ती मधल्या सुट्टीत वाचून काढायची. माझी वही तिच्याकडून तपासून घेतल्याशिवाय मी सरांना दाखवत नसे. आमच्याकडे पोरीला काय आवडतं ते कुणी विचारत नाही, काय येतं तेवढंच विचारतात. तिने तेवढंच सांगितलं. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी 'नाही' दाबलं.

तिच्या पानावर आलं: बाहेरचं, अंगमेहनतीचं काम.

मग माझी पाळी. एव्हाना कुठला प्रश्न कुठे नेतो, ते मला कळलं होतं. पुस्तकं? खूप आवडतात. हाताची कामं? अजिबात नाही. एका ठिकाणी चुकले, तेव्हा डावीकडचा उलटा बाण दाबून मागे गेले आणि उत्तर बदललं. सर तेव्हा चहा सांगायला बाहेर गेले होते. ती माझ्या खुर्चीमागे उभी होती.

माझ्या पानावर 'शिक्षक' आलं.

सोमवारी तिचे वडील पहिल्यांदा शाळेत आले, धुतलेलं धोतर नेसून, तिचं नाव मागे घ्यायच्या अर्जावर अंगठा द्यायला. सरांनी त्यांना कॉम्प्युटरवरून आणलेला तिचा छापील कागद वाचून दाखवला. वर्गातली पोरं खिडकीशी गोळा झाली होती.

"म्हंजे मशिन बी तेच म्हंते?" त्यांनी विचारलं.

"मशिनले कोणाची ओळख नसते, दादा."

"आमी बी घरी तेच म्हनलो होतो." ते मान हलवत हसले, जणू त्यांच्या शहाणपणाला सरकारी शिक्का मिळाला होता. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "आयकलं? इंग्रजीत लिवलं हाये. आता रडजो नोको."

खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "कम्प्युटर पास वेचणारीन!" शाळा सुटेपर्यंत तिला तेच नाव पडलं होतं. मीही हसले होते. हसले नाही असं लिहायचं मनात आलं होतं.

परवा दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले. ती शेतात होती, कमरेची ओटी कापसाने भरलेली. हात न थांबवता तिने कॉलेजची, वसतिगृहाच्या जेवणाची चौकशी केली. मी जेवणाला नावं ठेवली. तिला बरं वाटावं म्हणून ठेवली असावीत.

मग ती म्हणाली, "काय वं, तो उलटा बाण माह्या टायमाले नव्हता काय?"

"होता," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली, आणि पुढच्या झाडाकडे सरकली.